डोहातले तीन कान

पुलगाव, २१ एप्रिल १९५७

नौदलाच्या प्रयोगशाळेचे बबनराव माझ्याच ओसरीवर, माझाच चहा पीत म्हणाले, "शरयू फक्त आकडे उतरवते." माझी भाची! पदार्थविज्ञानात एम.एस्सी.! पाहुण्याला तोंडावर सुनावता येईना, म्हणून इथे लिहिते.

काम असं — पाण्याखाली ऐकणारी तीन यंत्रं डोहात ठेवून केबलनं जोडायची. आवाज कुणाला आधी पोचला, कुणाला नंतर, यावरून शत्रूची पाणबुडी कुठे आहे ते काढायचं. समुद्राआधी शांत पाणी हवं, म्हणून वर्धा नदी. पाणबुडी म्हणजे आत घंटा बसवलेलं लोखंडी पिंप! कोणतं यंत्र कुठे, हे सगळं शरयूनंच ठरवलेलं. आठ दिवसांत जमलं तर यंत्रं जहाजावर जाणार, बरोबर तीही. नाहीतर पुन्हा कारकुनी.

नावाडी नत्थूजी हसतो — "वर्धेत पाणबुडी काऊन येईन वो? मे महिन्यात तं नदी आटते, मासोयीले बी पाय लागते!"

२३ एप्रिल

सकाळी पिंप अचूक सापडलं. दुपारी तिन्ही यंत्रं बहिरी. शरयूनं जोड न् जोड तपासला. जेवली नाही.

२४ एप्रिल

तेच.

२५ एप्रिल

नत्थूजीनं बांबूचं एक टोक पाण्यात घातलं, दुसऱ्याला कान लावला. मासे असेच ऐकतो म्हणे. "मास्तरीनबाई, दुपारी वरचं पानी तापते. आवाज खाली पयते. पोरीले म्हना, कान बी खाली ने."

शरयूनं ऐकलं मात्र — थर्मामीटर दोरीला बांधून होडीत! वर एकतीस, तळाशी चोवीस. तापल्या पाण्यात आवाज खाली वाकतो, हे मी वर्गात शिकवलेलं. सुचलं नाही! हिनं दोन तासांत तिन्ही यंत्रं दुपारी किती खोल सोडायची ते कागदावर मांडलं. आधी नत्थूजीला वाकून नमस्कार केला.

२६ एप्रिल

भर बारा वाजता सापडलं. चारदा! नत्थूजीनं न सांगता पिंप पलीकडच्या कपारीत दडवलं. तिथंही!

२८ एप्रिल

मंजुरी आली. जहाजावर बाईला परवानगी नाही. बबनराव जाणार.

मी म्हटलं, "दुपारच्या खोलीचा कागद देऊ नकोस. अडले की बोलावतील तुला."

"आत्या, जहाजात माणसं असतात."

२९ एप्रिल

बबनरावांना दिलं: यंत्रं तीन. केबलचं वेटोळं एक. थर्मामीटर एक. दुपारच्या खोलीचा कागद एक — त्यांना समजेपर्यंत तिनं तो तीनदा समजावला.