गच्चीवरचा शेपू

सोनपेठ, ३ नोव्हेंबर

ती. आईस रुपालीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर बोलताना आत्याबाई जवळच असतात, सासूपुढं सगळं बोलता येत न्हाई, म्हणून चिठ्ठी लिहायलेय. पहिल्या वेळी मला दूध आलं न्हाई, निकिता डब्याच्या पावडरीवर वाढली. ह्या बाळाचं मी तसं होऊ देणार न्हाई. शेपूनं दूध वाढतं म्हणतात, पण आत्याबाई शेपूची जुडी उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाईत. वास आला की ताटावरून उठतात. म्हणून गच्चीवरच्या फुटक्या टाकीत माती भरली अन् तू दिलेल्या बाळंतशोपा, शेपूचंच बी ते, मीच पेरल्या. रोज पाणी घालायलेय, पण एक कोंब दिसंल तर शपथ. माझं काय चुकलं?

माया आहेच, थोडी येणाऱ्यासाठी राखून ठेव.

तुझी रुपाली

पेडगाव, ७ नोव्हेंबर

चि. सौ. रुपालीस आईचे अनेक आशीर्वाद.

अगं येडे, त्या शोपा मी मीठ लावून तव्यावर भाजल्या होत्या, जेवल्यावर चावायला! भाजलेलं बी कुठं उगवतं का? तुझा भाऊ भागवत आन् मी पोट धरून हसलो. आता शेजारची बबिता तिकडं बाजाराला यायलीय, तिच्याजवळ कच्चं बी देलंय. वरवर पेर, माती पातळ टाक. कोवळा पाला खुड, पण दोन रोपं फुलाला सोड. विहीणबाईंसंगं भांडू नको, पण माघार बी घेऊ नको. लेकराच्या पोटापुढं कुणाचं नाक मोठं न्हाई.

जिवाला जप, आईची आठवण असू दे.

कासाबाई

सोनपेठ, २६ जानेवारी

सौ. कासाबाई विहीणबाईंस कस्तुराबाईचा रामराम. वि. वि.

नातू झाल्याचं फोनवर कळलंच हाय. तिथं बोलता आलं न्हाई ते लिहायलेय. रुपाली दवाखान्यात होती तवा तिच्या शेपूला पाणी घालायला कुणी न्हवतं. पदर नाकाला लावून मीच घातलं.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मला रोज शेपूच वाढायचे. दूध लय आलं, पण प्यायला लेकरू राहिलं न्हाई. लुगडं भिजायचं आन् घरात त्योच वास. तवापासून मला सोसत न्हाई. हे मी कुणाजवळ बोलले न्हवते.

काल शेपू मीच खुडला. मुगाची डाळ, लसूण घालून शिजवला, भाकरीसंगं रुपालीला वाढला. वास तसाच हाय हो. रडू आलं, पण चुलीपासून हलले न्हाई. नातू पोटभर पितोय.

दोन रोपं फुलाला सोडली हायत. शोपा भाजायला तुमीच या. पुढच्या पेरणीचं बी मात्र मी आधीच काढून ठेवणार.

विहिणीवर राग नसावा, लोभ असावा.

कस्तुराबाई