बिनउंड्यांचा आठवडा

सोमवार, २ फेब्रुवारी

इतिहासकारांनी नोंद घ्यावी. आज आमच्या दारात पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, आला नाही. सायकलचा भोंपू वाजला नाही, उंडे, आमचे ते गोल पाव, आले नाहीत, आणि एका सज्जन, करदात्या माणसाला चहाबरोबर कालची चपाती खावी लागली. पोर्तुगीज गेले, जाताना पाव ठेवून गेले. पेडण्यात ज्यावर वाद होत नाही अशी ती एकमेव गोष्ट. तीही आज मला मिळाली नाही!

बायकोला, शेवंतीला म्हटलं, "सगुण पोदेर आजारी असेल." ती नुसती बघत राहिली. ही नुसती बघते तेव्हा आत वाक्य भाजत असतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आजही भोंपू नाही. पण शेजारच्या मंगलच्या ओट्यावर चार उंडे — वाफ येत होती! म्हणजे सगुण वाड्यावर, आमच्या वस्तीत, येतो. माझ्याच दाराशी मुका होतो.

दुपारी शेवंतीचं वाक्य भाजून निघालं. "रविवारी माइकावर काय बोललात ते आठवा."

आठवलं. गेली अकरा वर्षं आमच्या रविवारच्या लीगचं समालोचन मी करतो. मानधन एक प्लेट भजी, चहा पाण्यासारखा. परवा इब्रामपूरविरुद्ध सामना होता. सगुण आमच्याच क्लबचा, सीमारेषेवर उभा. झेल उंच उडाला, सगुण बरोबर खाली आला, चेंडू हातात बसला — आणि सुटला. मी म्हणालो, "लोकहो, सगुणच्या हातून उंडे कधी पडत नाहीत, कारण उंड्यांचे पैसे मिळतात! उद्या पाव घेताना आपणच दोन्ही हात पुढे करा!"

अख्खा सडा, आमचं कातळावरचं मैदान, हसला. इब्रामपूरवालेसुद्धा हसले, आणि ते लोक स्वतःच्या लग्नातही हसत नाहीत. आता म्हणे वाड्यावरची पोरं सगुण दिसला की ओरडतात, "झेल सुटलो!"

मी म्हटलं, "यात अपमान कुठे? फुकट प्रसिद्धी मिळाली."

"तुम्हाला हशा मिळाला," शेवंती म्हणाली, "आता तोच बुडवा चहात."

बुधवार, ४ फेब्रुवारी

पाव नाही. बिस्किट चहात बुडून वारलं. मंगलचा कुत्रा सकाळपासून आमच्या फाटकाशी बसून माझ्याकडे प्रेमाने बघतोय. एवढा एक तरी चाहता उरला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

संध्याकाळी कप्तान सुदेश आला. चपला काढल्या नाहीत — म्हणजे भांडायला.

"भाई, सगुण रविवारी खेळूचो नाय म्हणता."

"का?"

"'नाय' म्हणता. तेच्यापुढे काय नाय. तुमची जीभ, दुसरा काय?"

आमच्याकडे गडी मोजून अकरा. मागे एकदा दहावर उतरलो होतो. परत दहा दिसले तर क्लबचं नाव लीगमधून कापणार. हा क्लब सुदेशच्या बापाने काढला. स्वतःच्या हाताने सड्यावरचा चिरा फोडून त्याने खेळपट्टी केली. हे सांगताना सुदेशचा आवाज जरा घसरला. मी विनोद करणार होतो. केला नाही. (पहिल्यांदाच. तारीख वर आहे.)

"गडी तुमच्या तोंडान गेलो," सुदेश म्हणाला, "आता तुमीच उतरा."

मी! वय त्रेपन्न. डावा गुडघा साठीचा.

"मग माइक?"

"सगुण धरतलो. बसून बोलान म्हणता."



शुक्रवार, ६ फेब्रुवारी

माफी मागणार नाही. अकरा वर्षांत कुणाची मागितलेली नाही. एकदा सुरुवात केली तर रांग मोपाच्या विमानतळापर्यंत जाईल.

शनिवार, ७ फेब्रुवारी

पांढरी पँट सापडली. बटण आणि काज यांची समोरासमोर भेट होत नाही. मुलगी तनया म्हणाली, "बाबा, श्वास सोडू नका. सामना सहाच षटकांचा आहे."

पाव नाहीच. कुत्रा लठ्ठ दिसू लागलाय.

रविवार, ८ फेब्रुवारी

डिचोलीवाल्यांशी सामना. सगुण मंडपात, माइक डाव्या हातात, उजवा हात जाकिटाच्या खिशात. ऐट बघा!

मला काजूच्या झाडाखाली उभं केलं. इथे चेंडू येत नाही म्हणाले. चौथ्या षटकात आला. उंच, थेट माझ्यावर. मी हात पसरले, डोळे मिटले. चेंडू तळहातावर आपटला, छातीवर आपटला आणि खाली पडला. पँटचं बटणही त्याच वेळी गेलं.

"सुटलो!" पोरं ओरडली.

मी कान मिटायला बघत होतो. माइकावर सगुणच्या जागी मी असतो तर बटणावरच दोन षटकं काढली असती.

भोंग्यातून सगुण म्हणाला, "गप रे पोरांनो. ऊन डोळ्यांत होता, कठीण झेल होतो." मग, "भाई, हाताक लागला काय?"

बस. एवढंच. कुणी हसलं नाही. कुणीतरी हसायला हवं होतं.

दोन धावांनी हरलो. पण अकरा उतरलो — नाव राहिलं. सुदेशने मला अर्धी प्लेट भजी दिली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

साडेपाचला उठून फाटकाशी बसलो. माझ्याआधी कुत्रा हजर.

सगुण आला. सायकल एका हाताने ढकलत, आवाज न करता. डाव्या हाताने पिशवी फाटकाला अडकवली — चार उंडे! उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत जखडलेली.

"रोज टांगतंय," तो म्हणाला. "भोंपू दाबूक हात खंय आसा? बाकीची माणसां उठलेली असतत. भोंपू वाजल्यार उठणारे वाड्यार तुमीच."

आठवडाभर पिशवीसकट उंडे पळवणाऱ्या कुत्र्याने मान खाली घातली. मीही.

"कधी मोडलं?"

"त्याच झेलात. कट्ट असो आवाज झालो. माइकापुढे कोणाक ऐकाक येतलो?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"बेकरीवाल्याक कळला तर दुसरो पोदेर ठेवतलो. तीन आठवडे पट्टी आसा. कोणाकच सांगूक नाय." मग माझ्याकडे बघून, "तुमका तर मुळीच कळूक नको होता."

मंगळवार, १० फेब्रुवारी

पहाटे तीन वाडे फिरलो. सायकल सगुणने धरली, उंडे मी दिले, भोंपू मी दाबला. कुणी विचारलंच तर — डॉक्टरने चालायला सांगितलंय. पट्टी सुटेपर्यंत रोज. तोंडातून एवढंच: पोंऽ पोंऽ.