बिनपगारी कातडी

२ सप्टेंबर

अल्विनाताई, तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? नोरीनच्या बाळाला दात आले की अजून नुसत्या हिरड्यांनीच सगळ्यांना चावतंय? आठवड्याची रोजनिशी तुलाच पाठवायची असं ठरवलंय, म्हणून विचारपूस इथेच करते.

मी मजेत. सत्तावन्नाव्या वर्षी कॉलेजात. एका पोराने विचारलं, फळा पुसायला आलात का, वर्नाबाई? म्हटलं, हो, आणि जमलं तर तुझं नाकही.

डॉक्टरकीच्या प्रवेशाआधी संशोधनाचा अनुभव लागतो. दोन कामं समोर आहेत. डेअरी विभागात दुधाचे नमुने तपासायचे, तासावर पगार. दुसरं डॉ. थॉर्नलीबाईंच्या प्रयोगशाळेत. भाजलेल्या माणसांसाठी तिथे कातडी वाढवतात. पगार शून्य, पण बाईंचं शिफारसपत्र मिळालं की दार उघडलंच समज. माझ्या वयाला दुसरं कोण दार उघडणार? डेअरीचे क्लाइड म्हणाले, फुकट राबायला आमच्या गाईसुद्धा तयार नसतात, तरी बघा, जागा महिनाभर राखून ठेवतो.

५ सप्टेंबर

बिनपगारी काम घेतलं. उबदार कपाटात काचेच्या बशा, बशीत कातडीच्या पेशी. त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं, म्हणजे खाऊ घालायचं. वासरं वाढवलेल्या बाईला हे काय जड?

इथली रीत अशी की नव्या माणसाने नमुन्याला आपली थोडी कातडी द्यायची. एम्मेट म्हणून पगारी मदतनीस आहे, त्याने माझ्या उजव्या दंडावरून मसुरीएवढी काढली. म्हणाला, चला, तुम्हीही कपाटात राहायला आलात.

सगळ्यात जोमाने वाढते ती ज्यूनियाची. ही पोरगी तीन वर्षं इथे फुकट राबली. बाई तिला पत्र पुढच्या आठवड्यात देते म्हणत राहिल्या. नाताळात पेशींना खाऊ घालायला येताना बर्फावर तिची गाडी उलटली, त्यातच गेली. त्याच कातडीवर बाईंना मोठं पारितोषिक मिळालं. पोरीचं नावही कुणी घेतलं नाही. तिची बशी हातात घेऊन म्हटलं, जेव गं बाळा, पोटभर जेव.

१९ सप्टेंबर

कुठल्या बशीत कुणाच्या पेशी, त्या तपासणीचा निकाल आला. माझ्या बशीत मी नाहीच. सगळ्या बशांत एकटी ज्यूनिया. एक थेंब इकडचा तिकडे गेला की जोमदार पेशी बाकीच्यांना हुसकून लावतात म्हणे. बाईंनी खापर माझ्यावर फोडलं. म्हातारे हात कापतात, चूक कबूल करून सही करा, मग पत्राचं बघू, म्हणाल्या. ताई, माझे हात कापत नाहीत, तुला ठाऊक आहे.

२३ सप्टेंबर

दंडावरची जखम भरली. वर आलेली कातडी माझी नाही. तुकतुकीत, तरणी, लालसर ठिपक्यांची. एम्मेट बघून मागे सरला. ज्यूनियाचे हात असेच होते म्हणाला, आणि आजच निघा म्हणाला. उद्या क्लाइडकडे जाते. कसलं पत्र आणि कसलं काय.

२४ सप्टेंबर

डेअरीच्या दारापर्यंत गेले. दाराची मूठ धरली, तर हात मागे वळला. मला ओढत इथे प्रयोगशाळेत घेऊन आला. आता दंडापासून मनगटापर्यंत ज्यूनियाच आहे. छातीत राग भरलाय. माझा नव्हे हा राग — की माझाही आहे?

२६ सप्टेंबर

बाई गोड हसून म्हणाल्या, पत्र ना, पुढच्या आठवड्यात. त्या उजव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. सुटत नाही. खरं सांगू, मी सोडवलंही नाही. कातडीला कातडी चिकटली — त्यांच्या बोटांवर ठिपके उमटताहेत —

दुपार

डाव्या हाताने लिहितेय. बाई रडत पत्र लिहिताहेत. त्यांचा हात आता त्यांचा नाही. शब्द न् शब्द खरा — कुणी राबलं, कुणाची कातडी, कुणाचं श्रेय खाल्लं — खाली बाईंची सही. शिफारस मात्र ज्यूनियाच्या नावाची. माझंही घाला, म्हणाले मी — आवाज माझा नव्हता. कोवळा — ती गळ्यापर्यंत आली —

तिला थांबायचं नाही. बरं वाटतंय, ताई, त्याचंच भय —

लवकर उत्तर लिही. पाकिटावर माझं नाव मोठ्या अक्षरांत घाल. आणि आत तुझं, विसरू नकोस, मला ते आत्ता आठवत नाही —