पयला वास टाकून द्यायचा

२ डिसें., मेडशी
सकाळच्या एसटीनं घरी. पंधरा दिवस सुट्टी. गोव्याच्या हॉटेलात ग्लास विसळतो, तिथून बॅगेत एक बाटली आणलीय. फ्रान्सची ब्रँडी, वीसेक वर्षं लाकडी पिंपात राहिलेली. कुणी पाहुणा पाऊण बाटली संपवून गेला, उरलेली बारच्या सरांनी मला दिली. म्हणाले, रोज वास घे. आलास की डोळे बांधून तीन ग्लास ठेवीन. ही ओळखलीस, अन कशावरून ते सांगितलंस, तर काउंटरवर उभा. नाहीतर विसळत बस.
आईला सगळं सांगितलं. "पेशीन?" "नाही. नुसता वास." "शब्द दे." दिला.
बाबा पंचशील पाळणारा माणूस, दर पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात. बाटली बघितली अन उठून अंगणात गेले.

३ डिसें.
चहाच्या ग्लासात थोडी ओतली, नाक घातलं. झणका. डोळ्यात पाणी. बाकी काही नाही. दुपारी परत घेणार होतो, पण चुलतभाऊ गाडी काढून इंझोरीला निघाला, मागं बसलो. दिवस गेला.

५ डिसें.
घोटाळा. शेजारच्या कमलमावशीला खोकला, आईनं तिला माझ्या बाटलीतून दोन चमचे गरम पाण्यात दिले! आमच्याकडे दारू वेगळी अन ब्रँडी वेगळी. ब्रँडी म्हणजे औषध. आज सकाळी मावशी अजून एकीला घेऊन हजर, दोघींच्या हातात वाटी.
मावशी : "मेडिकलवाल्या बाटलीवानी जळत नाही बावा. गुपचूप उतरते."
बाटलीवर पेनानं रेघ मारली. आई म्हणे, "तुले वासच घ्यायचा ना? मंग कमी झाली त काय बिघडलं?"
बाटली उचलून बॅगेत ठेवली.

८ डिसें.
सरांनी लिहून दिलेले वास : अंजीर, अक्रोड, जुनं चामडं, सिगारची पेटी. यातलं चामडं सोडून काही हुंगलेलं नाही. वाशीमला गेलो. सुक्या मेव्याच्या दुकानात अक्रोड नाकाला लावला. दुकानदार : "घ्यायचा हाय का नुसता हुंगायचा?" मग म्हणाला, "फोडल्याबिगर वास कायचा येईन लेका?" एक फोडून दिला. चांगला माणूस. नंतर स्टेशनवर मालगाडी बघत बसलो. अक्रोडाचा वास तोवर विसरलो.

१० डिसें.
सरांना फोन. ही ब्रँडी बाटलीत म्हातारी होत नाही. वय सगळं पिंपातलं. पिंपात असताना दरवर्षी थोडी हवेत उडून जाते, तरी कुणी वाईट वाटून घेत नाही. जेवताना आईला हे सांगत होतो. ताटावरून मान वर न करता बाबा बोलले, "पोत्यातला माल बी घटते. वाळते ना."
आठ दिवसांत माझ्याशी पहिलं वाक्य.

११ डिसें.
बाबा आयुष्यभर मार्केट यार्डात मापारी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर सोयाबीन नाकाशी धरून ओलावा सांगायचे. मशीन आलं तरी व्यापारी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. हे मला लहानपणापासून माहीत. तरी डोक्यात आलं नाही!
आज मी ग्लास गरगर फिरवत होतो, बाबा मागून बघत.
"नाक कायले बुडवून राह्यला?"
"मग?"
"दूर धर. हातभर. तोंड जरासं उघडं ठेव. पयला वास खोटा रायते, तो टाकून दे. थांब. आता जवळ आण."
थांबलो. झणका निघून गेला. त्याच्या मागं काहीतरी गोड होतं, अन त्याच्याही मागं अजून काही.
त्यांच्यापुढे ग्लास धरला. आधी हातात घेतला नाही. मग हातभर लांबूनच वास घेतला. डोळे मिटून.
"गुळाची लाकडी पेटी हाय. गूळ काढून नेला, पेटी तशीच राह्यली."
आई दारातून : "अवं, तुमचं शील!"
"पेलो नाही मी. अन मोडलं असन त माह्यं मी पाहीन."

१३ डिसें.
सरांची यादी फाडली. आमची :
संत्र्याची वाळकी साल.
मोहाचं फूल, वाळलेलं.
ती पेटी.
अजून एक आहे, नाव सापडत नाही. बाबा म्हणतात, घाई नको करू.
आईच्या ओढणीनं डोळे बांधून बाबांनी तीन ग्लास ठेवले. पहिल्यांदा मावशीकडून आणलेल्या मेडिकलच्या ब्रँडीलाच माझी म्हणालो. बाबा हसले, "तुह्या काउंटरचं अवघड हाय." दुसऱ्यांदा बरोबर. तिसऱ्यांदा परत चूक.

१५ डिसें.
लिहावं की नाही.
संध्याकाळी तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर एकटा बसलो. रेघेच्या खाली बोटभर उरलीय. एक घोट घेतला. छोटा. मुद्दाम. वासानं दार दाखवलं होतं, आत काय ते कळेना म्हणून. आधी काहीच नाही. मग…
घरापर्यंत चालत आलो तरी तोंडात होती.
आईनं पाणी दिलं. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१७ डिसें., मेडशी फाटा
बाबा सोडायला आले. कधी येत नाहीत. एसटीला उशीर. दोघं दगडावर. परवा परीक्षा. बाबा रस्त्याकडे बघत होते.
"पेला काय तू?"
खोटं बोलता आलं असतं. "हो. एक घोट. परवा."
त्यांनी मान हलवली. रागावले की काय, कळेना. आई, शब्द, सगळं येणार आता, असं वाटलं. एसटी वळणावर दिसली. उठले, माझी बॅग उचलली, खांद्याला दिली.
"कसं लागलं?"
"आधी काहीच नाही लागत बाबा. मग हळूच…"
कंडक्टर ओरडला, चला लवकर. चढलो. खिडकीशी जागा मिळेपर्यंत गाडी सुटली होती. बाबा रस्त्याच्या कडेला उभे, कान इकडे करून.