मागच्या दाराचा रॅम्प

बाबा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

सहा वर्षं गल्लीन्‌गल्ली पायाखाली घालून तुम्ही इंटरनेटवरचा तो खुला नकाशा भरलात, तेव्हा मी तुम्हाला वेड्यात काढलं. पुढे आमच्या कंपनीने तोच उचलला. त्याची अट तुम्हीच मला समजावली होतीत, "फुकट घ्या, पण जी भर घालाल तीही सगळ्यांना तशीच खुली ठेवा. ठेवता ना गं?" मी बेधडक "हो" म्हटलं.

आम्ही त्यात व्हीलचेअरसाठीचे चारशे रॅम्प भरले आणि ते फक्त आमच्या ग्राहकांना दाखवले. त्या निर्णयाखाली सही माझी आहे.

काल दवाखान्याच्या पायऱ्यांवरून दोघांनी तुम्हाला व्हीलचेअरसकट उचलून नेलं. "पोत्यासारखं गं," म्हणत तुम्ही फोनवर हसलात. "नकाशात रॅम्प दिसत नाही. तुला माहीत आहे का?"

मी म्हटलं, "बघते." सांगितलं असतं, तर कुठून कळलं ते तुम्ही विचारलं असतंत.

हे पत्र खणातच राहील, तरी लिहिते. दवाखान्याच्या मागे, रक्ततपासणीच्या दाराशी रॅम्प आहे, बाबा. आमच्या नकाशात तो वर्षभर आहे.

तुमच्या पायपिटीवर पोट भरणारी,
धाकटी