ताप येईपर्यंत

आई, तू गेलीस त्याला आता तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं वाटलं नाही, कारण तू होतीस तेव्हाही आपल्यात गप्पा कमी आणि सूचना जास्त असायच्या. आज लिहितेय ते तुझ्या नातीबद्दल, ताईच्या मुलीबद्दल. तुझ्या मांडीवर बसून तुझ्या कडक इस्त्रीच्या नर्सच्या टोपीची वाट लावणारी ती पोरगी शिकायला म्हणून माझ्यामागे सिडनीला आली, इथेच नोकरीला लागली, लग्न केलं, आणि कोविडच्या दुसऱ्या वर्षी, जो तो दार लावून बसलेला असताना, तिला दिवस गेले. ताई नाशिकला अडकलेली, विमानं बंद. म्हणजे आईच्या जागी मी. तिचं घर क्वेकर्स हिलला, माझं टूनगॅबीला.

नाव कुठे घालायचं हे तिने मला विचारलं आणि मी जिथे मिडवाइफ आहे त्याच हॉस्पिटलचं नाव सांगितलं. धर्मसंस्थेचं हॉस्पिटल, दारात क्रूस, आत चकाचक. या बाबतीत मी पक्की तुझी मुलगी. मिशनच्या दवाखान्याने तुला वस्तीतून उचलून नर्स केलं, आणि आपल्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिथल्या मेट्रनबाईंचा फोटो असायचा. क्रूस दिसला की शिस्त, स्वच्छता आणि माया असणारच, असं आपण धरून चालतो. वास्तविक इथला नियम मला चांगला ठाऊक होता. पोटातल्या बाळाचे ठोके चालू असेपर्यंत गर्भ काढायचा नाही, मग तो जगण्याची शक्यता नसली तरी. राज्याने गर्भपातावरची कायद्यातली बंदी नुकतीच उठवली होती, पण आमच्या भिंतींच्या आत ती तशीच होती. आपल्याला कशाला तशी वेळ येतेय, असं मी स्वतःला सांगितलं.

पाचवा महिना लागला आणि एका सकाळी तिची पाणमोट फुटली. एवढ्या लवकर पाणी गेलं की काय होतं हे तुला सांगायला नको. बाळ वाचत नाही, आणि पिशवी रिकामी केली नाही तर बाईच्या जिवावर बेततं. आमच्या हॉस्पिटलात कोविडमुळे नवऱ्याला आत सोडलं नाही, तो पार्किंगमध्ये गाडीत बसून होता. एकटीला टेबलावर झोपवून त्यांनी मशीन लावलं. ठोके होते. तरुण डॉक्टर होता, मास्कवरचे त्याचे डोळे जमिनीवर. तो तिला म्हणाला, सॉरी, सध्या आम्हाला काही करता येणार नाही, घरी जा, दर चार तासांनी ताप बघ, आला की लगेच ये. ताप म्हणजे संसर्ग, आणि संसर्ग झाला की आईचा जीव वाचवायला म्हणून हात लावता येतो. म्हणजे आजारी नाहीस म्हणून उपचार नाही, नीट आजारी पडून ये. वर शोकसमुपदेशनाचं एक रंगीत पत्रक दिलं, त्यावर फुलपाखरू.

हा नियम करणारी कमिटी मी एकदा झूमवर पाहिली आहे. आठ चौकटी, मागे पुस्तकांची कपाटं, एकाच्या मांडीवर मांजर. गुळगुळीत आवाजात ते ‘प्रत्येक जीव’ म्हणत होते. त्यांची सगळी करुणा जो वाचणार नाही त्याच्यासाठी, आणि जी वाचू शकते तिच्या हातात थर्मामीटर. त्यांच्यातल्या एकानेही रक्ताने भिजलेली चादर बदललेली नाही, हे मी पैजेवर सांगते. मला त्यांचा राग येत नाही, आई. राग यायला समोर कोणीतरी माणूस लागतं. मला त्यांची किळस येते.

घरी पोचल्यावर तिने मला फोन केला. रडत नव्हती. म्हणाली, “मावशी, मी गूगल केलंय. पब्लिक हॉस्पिटलमध्ये आजच करतील असं दिसतंय. जाऊ का तिकडे?” मी म्हटलं, “थांब जरा. इथले लोक अनुभवी आहेत, ते बघतील.” ती बरं म्हणाली. लहानपणापासून माझं ऐकते ती.

त्या संध्याकाळी मला तुझा वॉर्ड सारखा आठवत होता. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत तुझा डबा घेऊन आले होते. वीटभट्टीवरच्या एका बाईला बैलगाडीतून आणलेलं, पाणी जाऊन दोन दिवस झालेले. तू मला तिचा ताप बघायला सांगितलंस. मी थर्मामीटर झटकला, तिच्या काखेत ठेवला आणि शहाण्यासारखी उभी राहिले. तू येतेस, हाताची मागची बाजू तिच्या कपाळावर टेकवतेस, वाकून वास घेतेस, आणि सगळ्यांसमोर मला म्हणतेस, “पारा चढेपर्यंत बाई थांबत नसते. हात कशाला दिलाय तुला?” मेट्रनबाई मागे उभ्या होत्या, सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय चहाचा घोटही न घेणाऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या, “टेबलावर घ्या.” ठोके ऐकायची नळी तिथेही खुंटीला होती. कोणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी आल्यावर तू भाकऱ्या थापल्यास, आणि जेवण झाल्यावर मेट्रनबाईंनी तुला दिलेलं, छातीवर उलटं लावायचं घड्याळ माझ्या हातावर ठेवलंस.

तिसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या नातीला थंडी वाजून ताप भरला. अट पूर्ण झाली, असं मला वाटलं. नवऱ्याने तिला दाराशी आणलं. दारातल्या माणसाने कपाळावर ताप मोजायचं पिस्तूल धरलं, आकडा बघितला आणि हात लांब करून बाहेरचा तंबू दाखवला. ताप असेल त्याने आधी कोविडची टेस्ट करायची, रिपोर्ट येईपर्यंत मॅटर्निटीत प्रवेश नाही. तीन दिवस ज्या तापाची वाट बघायला लावली, तो आल्यावर त्यांनी त्याला कोविड ठरवलं.

माझी सकाळची शिफ्ट नुकतीच संपली होती. मी तंबूत गेले तेव्हा ती प्लास्टिकच्या खुर्चीत कलंडली होती, ओठ पांढरे. तिथली नर्स भली होती. म्हणाली, “स्वॉब घेतलाय लव्ह, रिपोर्टला सहा-सात तास. ठोके अजून आहेत ना, वर मॅटर्निटीत फोन केला होता, ते म्हणाले ही टेम्प कोविडची असू शकते.” मी हातमोजा काढला. हाताची मागची बाजू टेकवली, वाकले, आणि मास्कमधूनही तो वास आला, आई, तोच. तुझ्या घड्याळावर नाडी मोजली, एकशे छत्तीस. कोणाला काही न विचारता मी तिला व्हीलचेअरवर घालून पार्किंगमध्ये नेलं, आणि तिच्या नवऱ्याने गाडी हाणली.

सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावला आणि विचारलं, “तीन दिवस ही कुठे होती?” मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. त्यांनी लगेच थिएटर तयार करायला सांगितलं. तासाभरात पिशवी रिकामी झाली. मग पाच दिवस आयसीयू, त्यातले दोन दिवस ती आपली राहते की जाते हे कोणी सांगेना. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर मेसेज आला, कोविड निगेटिव्ह. आमच्या हॉस्पिटलकडून सहानुभूतीचं कार्ड आलं. त्यावरही फुलपाखरू.

ती वाचली. पुन्हा दिवस राहतील का, यावर डॉक्टर खांदे उडवतात. ताईला मी फोनवर एवढंच सांगितलं की मूल पडलं, आता बरी आहे. आणि ती पोरगी ज्याला त्याला सांगत सुटते, मावशी होती म्हणून मी आहे. परवा माझ्या वाढदिवसाला पंधरा माणसांसमोर म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी केक कापला.

तिला मी थांब का म्हटलं, ते कोणीच विचारलेलं नाही. त्याच आठवड्यात माझा वॉर्डच्या इन्चार्जपदाचा इंटरव्ह्यू होता. माझ्याच भाचीला मी आमच्याकडून उठवून गर्भपातासाठी दुसरीकडे पाठवलं, असं वर कळायला नको होतं. ती माझी भाची आहे हेसुद्धा मी तिथे कोणाला सांगितलं नव्हतं. ती जागा मला मिळाली. कमिटीला नावं ठेवायला मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता पुढच्या महिन्यापासून कमिटीत नर्सिंगतर्फे बसायला मला बोलावलंय, आणि मी हो म्हटलंय. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. तू असतीस, तर तुलाही दाखवलं नसतं.