आयचं बेसांव

८ जानेवारी १९५६, रविवार

आफ्रिकेहून होकार आला. मिशनच्या अनाथाश्रमात नर्स हवीच होती. सिस्टर होण्याची व्रतं वर्षभराने देतील. बोट या महिनाअखेरची.

चर्चच्या मिसाहून येताना वाडीच्या तोंडाशीच आयला सांगून टाकलं. घरी पोचेपर्यंत तरी दम धरायचा! माझ्या जिभेला हाड नाही. आय तशीच पुढे चालू लागली. दुपारी मटण करपलं. तिच्या हातून मटण कधी करपत नाही.

संध्याकाळी रोझरीची माळ जपून झाल्यावर रोजच्यासारखं आशीर्वादासाठी डोकं वाकवून म्हटलं, "बेसांव दे, आय." हात आलाच नाही. धाकट्या भावाच्या, पास्कूच्या डोक्यावर ठेवला, "देव बरं करो" म्हणाली आणि भाकऱ्यांना लागली. जन्मात असं प्रथमच. तो माझ्याकडे बघतच राहिला.

१० जाने.

आज बोलली एकदाची. "परेलच्या इस्पितळात, तुझ्या वॉर्डात पोरं कमी पडली का गो तुला?"

म्हटलं, बोलावणं आलंय.

"कोणाचं? मला तर काही ऐकू आलं नाही."

वॉर्डातल्या पोरांना भेटीच्या वेळी कोणीतरी येतं. शेवंतीची आई गिरणीतून सुटली की केसांत कापूस घेऊन तशीच येते. आफ्रिकेतल्या त्या पोरांकडे कोणीच येत नाही. पाहुण्या फादरनी प्रवचनात एवढंच सांगितलं, नि मला पुढचं काही ऐकूच येईना. हे आयला सांगायला हवं होतं. सांगितलं काय? "तुला कळायचं नाही ते." शहाणीच मी.

बेसांव नाही.

१७ जाने.

कर्फ्यू. बाहेर गोळीबार चाललाय म्हणतात. माझं जाणं पुढच्या बोटीवर गेलं.

पास्कू कसाबसा घरी आला. सदरा फाटलेला, संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन घसा बसलेला. आयने आधी एक धपाटा घातला, मग त्याला जवळ घेऊन रडली. तो मला म्हणतो, "लोक मुंबईसाठी जीव द्यायला निघालेत नि आमची बाई मुंबई सोडून चालली!" मला हसू फुटलं. आय हसली नाही.

१९ जाने.

घरातच. दूध नाही, भाजी नाही. आय आणि मी दिवसभर समोरासमोर तांदूळ निवडत. "नीट बघ, खडे आहेत." एवढंच बोलणं. देवाने बोलायला आयते दिवस दिले होते हातात.

३ फेब्रु.

वॉर्डात शेवटचा दिवस. शेवंती: "उद्या माझी वेणी कोण घालणार?" म्हटलं, दुसऱ्या ताई येतील. "त्यांना येते?" हो म्हटलं. कोणाला विचारलंसुद्धा नाही मी. येताना फार वाईट वाटलं.

५ फेब्रु., रविवार

उद्या बोट. ट्रंकेत बघते तर मसाल्याची बाटली, आयच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. मला सांगितलंही नाही. वाटलं, आज बेसांव देणार. नक्की देणार.

रोझरी झाली. मी वाकणार तोच ती माझ्यापुढे गुडघ्यांवर. "आता तू देवाची झालीस. आता बेसांव तू द्यायचं. दे."

पास्कू ओरडला, "आय, ऊठ गो, काय हे!"

रागाने म्हणाली की खरंच मनापासून? तोंड खाली होतं, दिसलं नाही. मी हात ठेवला. "देव बरं करो" म्हटलं, अगदी तिच्यासारखं. ती उठून पदराने डोळे पुसत आत गेली. माझं राहिलंच.

नाही म्हणायचं होतं. तिला उठवून बसवायचं होतं, नि तिच्या मांडीवर डोकं घालायचं होतं. हात कसा उचलला गेला माझा?

९ फेब्रु., बोटीवर

धक्क्यावर आय आली नव्हती. पास्कू एकटाच, ट्रंक घेऊन. "ती येईल असं वाटलं होतं तुला?" हो. वाटलं होतं.

आज सोबतच्या सिस्टरबरोबर रोझरी केली. संपल्यावर सवयीने माझी मान खाली गेली, ती तशीच राहिली. सिस्टरना वाटलं मला बोट लागली. बिचारीने धावत लिंबू आणलं. मी चोखलं.

मोंबासाला उतरले की टपाल टाकता येईल. "प्रिय आय" लिहून मघापासून बसलेय. पत्रातून बेसांव मागितलं तर म्हणेल, देवाच्या माणसाला मी काय देणार. पण व्रत अजून कुठे घेतलंय मी, आय? वर्षभर तरी तुझीच आहे ना?

असं लिहू का?